संध्याकाळी पोट टम्म का फुगतं आणि घरच्या घरी काय करता येतं

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. वय ४६, बँकेत नोकरी. तीन महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला आणि गोळी सुरू झाली. त्याच सुमारास त्यांनी खाण्यातही बदल केला. सकाळी पोह्यांऐवजी वाटीभर कच्ची मोड आलेली मटकी आणि मूग, दुपारी डब्यात दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि कांदा-टोमॅटोची भरपूर कोशिंबीर. उठल्यावर पोट सपाट असतं. पाच-सहा वाजले की टम्म फुगतं, सलवारीची नाडी सैल करावी लागते, आणि रात्री वारा सरला की बरं वाटतं. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत. ओव्याचं पाणी, फसफसणारी पावडर, सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, सगळं चालू आहे. त्या विचारतात, "यावर कायमचा नैसर्गिक उपाय कोणता? डाळी-उसळी बंद करू का? सासूबाई म्हणतात ताक सोड, त्यानं वात वाढतो."

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात मला सगळ्यात उपयोगाची वाटली ती वेळ. सकाळी सपाट, संध्याकाळी फुगलेलं आणि वारा सरला की हलकं, याचा अर्थ पोटात रोज हवा तयार होते आणि रोज बाहेर पडते. पोट सकाळीही तितकंच फुगलेलं राहिलं असतं आणि आठवड्या-आठवड्याला वाढत गेलं असतं, तर मी पाणी साठलंय का, गाठ आहे का, हे आधी पाहिलं असतं. बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना मी एक सवय लावून घेतली आहे. पेशंट "काय खाल्लं" ते सांगू लागतो, आणि मी त्याला दोनच गोष्टी विचारते: पोट किती वाजता फुगतं, आणि हे कधीपासून सुरू झालं. या दोन उत्तरांवरून कुठला घरगुती उपाय लागू पडेल ते बहुतेक वेळा ठरतं. एकच चूर्ण सगळ्यांना देऊन भागत नाही, कारण पोट फुगण्याची कारणं वेगवेगळी असतात.

हवा पोटात येते दोन वाटांनी. एक म्हणजे आपण ती गिळतो. दुसरी म्हणजे मोठ्या आतड्यातले जीवाणू ती तयार करतात. निरोगी माणूसही दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर टाकतो आणि दहा-वीस वेळा वारा सरणं हे अगदी नॉर्मल आहे. त्यातला जवळजवळ सगळा वायू बिनवासाचा असतो. वास येतो तो गंधकाच्या अगदी थोड्या संयुगांमुळे. म्हणजे गॅस होणं हा आजार नव्हे. तो जास्त होणं, अडकून राहणं, किंवा नेहमीइतक्याच गॅसनं आतडी दुखू लागणं, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत.

आता घड्याळ बघू. जेवताना किंवा जेवण संपल्या-संपल्या पोट भरून आलं, ढेकरा सुरू झाल्या, तर गोष्ट जठरातली आहे: गिळलेली हवा, घाईचं जेवण, तळलेलं खाणं, सोड्याची बाटली. जेवणानंतर तीन-चार तासांनी किंवा त्याहून उशिरा, बेंबीच्या खाली पोट ताणलं आणि वारा सरू लागला, तर गोष्ट मोठ्या आतड्यातली आहे. लहान आतड्यात जे पचत नाही ते तिथे पोहोचायला साधारण चार ते सहा तास लागतात, आणि तिथले जीवाणू ते आंबवतात. इडलीचं पीठ रात्रभरात भांड्याच्या काठापर्यंत फुगून येतं, तेच काम तिथे चालतं, फक्त तिथे झाकण उघडायला वेळ लागतो. तुम्ही साडेआठला खाल्लेली मटकी एक-दोन वाजता तिथे पोहोचते. त्यावर दीडच्या डब्यातली कोशिंबीर आणि आमटी पाच-सहाच्या सुमाराला जाऊन पडते. त्यातून दिवसभर खुर्चीत बसून काम. तुमचं पोट पाचला फुगतं यात मला काहीच नवल वाटत नाही.

मग कॅलेंडर. तीन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे एकदम तीन गोष्टी बदलल्या: कच्ची कडधान्यं, कच्चा कांदा आणि साखरेची गोळी. गोळीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण तिच्याकडे नीट लक्ष द्या. तिच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असं नाव आहे का पाहा. बऱ्याचदा ही औषधं मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात. यांचं कामच मुळी पिठूळ पदार्थांचं पचन लांबवण्याचं आहे, म्हणजे जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. पण लांबवलेल्या त्या पिठाचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात जातो आणि जीवाणूंचं फावतं. गॅस हा या औषधाच्या कामाचाच भाग आहे. नुसत्या मेटफॉर्मिननंही काहींचं पोट फुगतं किंवा पातळ होतं. त्याचा हळूहळू विरघळणारा प्रकार बऱ्याच जणांना सोसतो. गोळी मनानं बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना जाऊन स्पष्ट सांगा की या गोळीपासून पोट फुगतंय, डोस किंवा औषध बदलता येईल का. कित्येक पेशंट वर्षभर ओवा-हिंग करत बसतात आणि ही एक गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहून जाते.

डाळी-उसळी बंद करायच्या का? नाही. तुमच्या जेवणात प्रथिनं येतात ती मुख्यतः त्यांतून, आणि मधुमेहात डाळ-उसळ ही भात-पोळीपेक्षा साखरेला जास्त सांभाळून घेते. त्या शिजवायची पद्धत मात्र बदला. हरभरा, वाल, चवळी, राजमा, मटकी यांच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायला लागणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, कुणाच्याच नाही. त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात. पण या साखरा पाण्यात विरघळतात, आणि स्वयंपाकघरात तुमचं शस्त्र तेच आहे. कडधान्य रात्रभर, आठ ते बारा तास, भरपूर पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. त्यात "सत्त्व" असतं म्हणून आमटीत घालू नका. मग मोड आणा. मोड येताना दाणा या साखरा स्वतःच वापरून टाकतो. मग ताज्या पाण्यात मऊ शिजवा.

वालाचं बिरडं करतात ते आठवून बघा. वाल भिजवायचे, पाणी काढायचं, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे, मग फोडणीत हिंग घालून शिजवायचे. दोन दिवसांचं काम असतं, पण एवढं करून झालेलं बिरडं थेट शिजवलेल्या वालांपेक्षा पोटाला कितीतरी सोपं जातं. याउलट पिठलं. बेसन हे हरभऱ्याची डाळ न भिजवता दळून केलेलं पीठ, त्यातली एकही साखर कुठे गेलेली नसते. म्हणून पिठलं, भजी, शेव, झुणका यांच्यानं पोट फुगतं अशी तक्रार मी सर्वात जास्त ऐकते, आणि म्हणूनच त्यांच्यात ओवा किंवा हिंग घालायची पद्धत आहे. पुरणाचंही तसंच. डाळ शिजवून कट गाळला की त्या साखरांपैकी काही कटात उतरतात. ज्यांना पुरणपोळीनं त्रास होतो असं वाटतं त्यांनी एकदा पोळी खाऊन कटाची आमटी बाजूला ठेवून पाहावी.

तुमची चूक मोड आलेल्या कडधान्यांत नाही, ती कच्ची आणि वाटीभर खाण्यात आहे. मोड आल्यानं साखरा कमी होतात हे खरं, पण कच्च्या दाण्यातलं पीठ नीट पचत नाही. शिवाय ओलसर उबेत मोड येताना दाण्यांबरोबर जंतूही वाढतात, तेही कच्चंच पोटात जातं. कुकरला वाफवून घ्या, किंवा कढईत थोड्या तेलावर जिरं-हिंगाची फोडणी देऊन झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करा, मुगापासून. मूग आणि मुगाची डाळ सर्वांत सौम्य, मसूरही बऱ्यापैकी सोसते, मटकी मधली, हरभरा-चवळी-राजमा-वाल जड. आठवड्यानं थोडं वाढवा. रोज नियमानं थोडी थोडी कडधान्यं खाल्ली तर तीन-चार आठवड्यांत आतड्यातल्या जीवाणूंची सरमिसळ बदलते आणि पहिल्या दिवसांइतका गॅस होत नाही. जे लोक महिन्यातून एकदा मिसळीवर ताव मारतात त्यांना म्हणूनच जास्त भोगावं लागतं.

कांदा, लसूण आणि गहू यांच्यात फ्रुक्टान नावाचं कर्बोदक असतं, तेही कुणालाच पचत नाही. फक्त काहींना त्याचा त्रास जाणवतो, काहींना नाही. कच्च्या कांद्याची कोशिंबीर त्यात आघाडीवर. तुम्ही दोन आठवडे कांद्याऐवजी काकडी, गाजर, टोमॅटो घ्या. लसणाशिवाय भाजी बेचव लागते हे मान्य. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही, म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात लालसर परतायच्या आणि पाणी किंवा भाजी घालायच्या आधी काढून टाकायच्या. स्वाद तेलात राहतो. आठवड्यातून चार दिवस पोळीऐवजी ज्वारीची भाकरी करून पाहा. धान्यांत तांदळानं गॅस सर्वांत कमी होतो, म्हणून पोट बिघडलं की मऊ भात, मुगाची खिचडी बरी वाटते. पण तुम्हाला साखर सांभाळायची आहे, तेव्हा भाताचा वाडगा लहानच ठेवा.

हे जे मी सांगतेय त्याचं शिस्तशीर रूप म्हणजे फॉडमॅप आहार. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी तो मांडला. आपल्याकडे त्याची अर्धीच गोष्ट पोहोचली, की हे बंद, ते बंद. पद्धत अशी आहे की दोन ते सहा आठवडे संशयित पदार्थ थांबवायचे आणि मग एकेक करून परत आणायचे, म्हणजे नेमका कोणता सोसत नाही ते कळतं. बाकीचे सगळे पुन्हा ताटात आले पाहिजेत. कांदा, डाळ, गहू, दूध वर्षानुवर्षं बंद करून हडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मला त्या पोट फुगण्यापेक्षा जास्त काळजीच्या वाटतात.

दूध आणि ताक. भारतात कितीतरी मोठ्या माणसांना दुधातली साखर, लॅक्टोज, पूर्ण पचत नाही. चहापुरतं दूध बहुतेकांना चालतं. ग्लासभर दूध, खवा, बासुंदी, मिल्कशेक यांनी त्रास होतो. घरी तपासायचं असेल तर आठवडाभर दूध आणि दुधाची मिठाई बंद ठेवा. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी ग्लासभर साधं दूध प्या आणि तीन-चार तास दुसरं काही खाऊ नका (मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी इतका वेळ उपाशी राहायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावं). पोट गुडगुडलं, फुगलं, पातळ झालं, तर उत्तर मिळालं. दह्यात विरजणातले जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेला पचवायला आतड्यातही मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही-ताक बहुधा सोसतं. सासूबाईंना सांगा, ताक सोडायची गरज नाही. दुपारी, ताजं, पातळ, जिरेपूड आणि किंचित हिंग घातलेलं ताक घ्या. फार आंबट झालेलं घेऊ नका. घेतल्यावर दोनदा-तीनदा स्वतःला त्रास जाणवला, तर मग सोडा. सासूबाईंच्या म्हणण्यालाही तुमच्या पोटाची साक्ष हवी.

आता ओवा, हिंग, जिरं, बडीशेप, आलं. यांच्यावर माझा विश्वास आहे, पण त्यांचं काम काय हे नीट समजून घेतलं तरच ते उपयोगी पडतात. ही द्रव्यं आतड्याचा पिळा सैल करतात आणि अडकलेली हवा पुढे सरकायला मदत करतात. गॅस तयार होणं ती थांबवत नाहीत. सकाळी उपाशीपोटी ओव्याचं पाणी प्यायल्यानं संध्याकाळच्या पोटाला काय फरक पडणार? तुमची वेळ पाचची आहे, तर साडेतीन-चारच्या चहाऐवजी कोमट जिऱ्याचं पाणी घ्या, किंवा पाव ते अर्धा चमचा ओवा चावून वर गरम पाणी घ्या. चावणं महत्त्वाचं, गिळलेला अख्खा ओवा तसाच निघून जातो. ओव्यात थायमॉल असतं, ते तिखट आणि उष्ण. आम्लपित्ताचा, अल्सरचा त्रास असेल किंवा पोटुशी असाल तर ओव्याचा मारा करू नका. त्यांच्यासाठी बडीशेप बरी, भाजलेली, साखरेचं आवरण नसलेली. आल्यानं जठर लवकर रिकामं होतं, म्हणून ज्यांचं पोट जेवल्याबरोबर भरून येतं त्यांनी जेवणाआधी आल्याचा छोटा तुकडा लिंबू-सैंधव लावून चावावा. पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल मिळतात. पोटात पिळे मारतात अशा पेशंटांना त्यांचा गुण येतो, पण छातीत जळजळ असेल तर पुदिना ती वाढवतो. हिंग फोडणीत चिमूटभर पुरे. बाजारात मिळणारा हिंग बहुतेक वेळा बांधलेला असतो, म्हणजे अस्सल हिंगाच्या तीव्र डिंकात मैदा किंवा कणीक आणि बाभळीचा गोंद मिसळलेला. ज्यांना सीलिॲक आजारामुळे गहू पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी पुडीवरचे घटक वाचावेत.

फसफसणारी पावडर मात्र सोडा. ती खाण्याच्या सोड्याची आणि आम्लाची असते. पाण्यात पडल्यावर जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तुम्ही फुगलेल्या पोटात आणखी वायू ओतता. मोठी ढेकर येते आणि मोकळं वाटतं, पण ती ढेकर त्या पावडरचीच. शिवाय तिच्यात सोडियम भरपूर, रक्तदाब आणि किडनीच्या पेशंटला तो नको. ॲसिडिटीची उपाशीपोटीची गोळी जठरातलं आम्ल कमी करते. मोठ्या आतड्यातल्या गॅसशी तिचा संबंध नाही. तुम्हाला जळजळ नसेल तर ती का चालू आहे हे डॉक्टरांना विचारा. फार दिवस घेतली असेल तर एकदम बंद केल्यावर आम्ल उसळून येतं, म्हणून हळूहळू कमी करतात.

ढेकरांचा त्रास मुख्य असेल तर कारण बहुधा गिळलेल्या हवेत असतं. भराभर जेवणं, जेवताना फोनवर बोलणं, सोड्याची पेयं, स्ट्रॉ, सतत तोंडात च्युइंगम किंवा सुपारी, सैल कवळी. शुगरफ्री च्युइंगममध्ये सॉर्बिटॉल असतं, त्यानं खालचाही गॅस वाढतो. काही लोकांना ढेकर काढायची सवयच लागते: पोट जड वाटतं म्हणून मान पुढे काढून हवा ओढतात आणि ढेकर देतात, बरं वाटतं, पुन्हा ओढतात. एका ढेकरेमागे दुसरी येत राहते. अशांना औषधापेक्षा पोटातून श्वास घ्यायचा सराव जास्त लागू पडतो.

कोठा साफ होतो का, हे तुम्ही लिहिलं नाही आणि ते फार महत्त्वाचं आहे. मळ अडून राहिला की वायूची वाटही अडते आणि आंबायला वेळही जास्त मिळतो. रोज होत असूनही खडा होणं, कुंथावं लागणं, पूर्ण झालं नाही असं वाटणं, ही बद्धकोष्ठताच. सकाळी कोमट पाणी किंवा चहा घेतल्यावर, काहीतरी खाल्ल्यावर आतड्याला आपोआप हालचालीची उबळ येते. बँकेची घाई असली तरी त्या दहा मिनिटांना मान द्या. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. इसबगोल हे इथलं सर्वांत भरवशाचं औषध, कारण ते पाणी धरून मळ मऊ करतं आणि फारसं आंबत नाही. एका चहाच्या चमच्यापासून सुरुवात, भरलेल्या ग्लासभर पाण्यात, ढवळल्या-ढवळल्या प्यायचं, वर आणखी पाणी. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास असलेल्यांनी घेऊ नये. गव्हाचा कोंडा त्याच हेतूनं खाल्ला तर गॅस उलट वाढतो.

शरीराच्या हालचालीबद्दल मी आग्रही आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालल्यानं आतड्यातला वायू पुढे सरकतो, आणि जेवणानंतरची साखरही कमी चढते. डबा खाऊन झाल्यावर बँकेच्या आवारातच शतपावली करा. घरी आल्यावर चहाच्या आधी, पोट रिकामं असताना, पाठीवर पडून गुडघे वाकवा. तळहाताला थोडं कोमट तेल लावा. उजव्या जांघेच्या वरच्या हाडापासून सुरू करा. हात सपाट ठेवून हलका दाब देत उजव्या बरगडीपर्यंत वर न्या. तिथून बेंबीच्या वरून आडवा डाव्या बरगडीपर्यंत, आणि मग डाव्या बाजूनं खाली जांघेपर्यंत. मोठं आतडं याच वाटेनं जातं, म्हणून दिशा उलटी करू नका. पाच मिनिटं पुरे. मग पवनमुक्तासन, आधी उजवा गुडघा छातीशी, मग डावा, मग दोन्ही. हर्निया, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण किंवा कळ मारणारं दुखणं असेल तर यातलं काही करू नका.

पोट बाहेरून इंच-दोन इंच वाढलेलं दिसतं तेव्हा आत तेवढा गॅस असतोच असं नाही. बार्सिलोनातल्या संशोधकांनी फुगलेल्या पोटांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा बऱ्याच पेशंटांच्या आतड्यात गॅस फारसा वाढलेला नव्हता. त्यांचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, खाली दाबलं जात होतं आणि पोटाचे पुढचे स्नायू सैल पडत होते. आतड्यातल्या जराशा ताणाला शरीर अशी चुकीची प्रतिक्रिया देतं, आणि पोट पुढे येतं. हे ऐकून माझ्याकडच्या कित्येक बायकांना धीर येतो, कारण "काहीच नाही, मनाचे खेळ" असं त्यांना घरी ऐकवलेलं असतं. उपाय असा: खुर्चीत ताठ बसा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं सावकाश श्वास घ्या, तोंडानं त्याहून सावकाश सोडा, आणि सोडताना बेंबी हलकेच आत न्या. खांदे सैल. दुपारी चार वाजता दहा वेळा, घरी आल्यावर दहा वेळा.

पाळीच्या आधीचा आठवडा वेगळा धरा. त्या दिवसांत हार्मोनमुळे आतडी मंदावतात, मीठ-पाणी साठतं आणि पोट फुगतं. तुमच्या वयात पाळी मागेपुढे होत असेल तर हे जास्त जाणवतं. वहीत पाळीची तारीखही लिहा, नाहीतर त्या आठवड्यात खाल्लेल्या निर्दोष वांग्यावर आळ येईल. वजन वाढणं, थंडी सोसेनाशी होणं, केस गळणं हेही सोबत असेल तर थायरॉइड पाहून घ्या.

आता जे सांगणार आहे ते कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. "गॅस छातीत चढलाय" म्हणून सोडा पीत, ओवा चावत घरी बसलेली माणसं उशिरा दवाखान्यात येतात आणि ईसीजीत हार्ट अटॅक निघतो. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या वरच्या भागात जडपणा, मळमळ, ढेकर अशाच रूपात येऊ शकतो, आणि मधुमेही माणसाला, विशेषतः बायकांना, छातीत कळ येतेच असं नाही. पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीत दडपण, त्याबरोबर घाम, धाप, जबडा-खांदा-हात भरून येणं, चालल्यावर वाढणं, यातलं काही असलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी होतो तिथे जा. शेवटी गॅसच निघाला तर उत्तमच.

याशिवाय वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त किंवा काळा डांबरासारखा मळ, रक्तक्षय, सतत उलट्या, गिळताना अडकणं, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली तक्रार, हे असेल तर तपासणी आधी. पोट एकदम फुगलं, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले आणि उलट्या होतायत, तर त्याच तासाला हॉस्पिटल. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: पोट रोजच्या रोज आठवडे फुगलेलं राहतंय, दोन घासांत भरतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय, तर अंडाशयाची तपासणी करून घ्या. तुमची सोनोग्राफी ठीक आहे, पण हे रूप बदललं तर ती पुन्हा करावी लागेल.

तुम्ही एवढं करा. सोमवारपासून कच्ची मटकी बंद, नाश्त्याला मुगाचं धिरडं किंवा भाज्या घातलेला दलियाचा उपमा. धिरड्याला मूग रात्रभर भिजवून, पाणी बदलून वाटा. आणि दलिया गव्हाचा असल्यानं तो आठवड्यातून एखाद-दोनदाच. कोशिंबिरीत कांदा नको. जेवण वीस मिनिटं, फोन बाजूला, मग शतपावली. चारला जिऱ्याचं पाणी आणि श्वास. संध्याकाळी पोटावरून हात फिरवणं. फसफसणारी पावडर घरातून काढून टाका. एका छोट्या वहीत चारच रकाने: काय खाल्लं, किती वाजता, पोट किती वाजता फुगलं, शौच कशी झाली. बेंबीपाशी टेपनं सकाळी आणि सहा वाजता माप घेतलंत तर आणखी चांगलं, अंदाजापेक्षा आकडा बरा. दोन आठवडे झाले की कांदा परत आणा, तीन दिवस बघा. मग पोळी रोजची करा, तीन दिवस बघा. मग मटकी, शिजवलेली. एका वेळी एकच.

आणि यासाठी दोन आठवडे थांबू नका: याच आठवड्यात गोळीचं पाकीट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. वही मागाहून न्या. त्यांनी औषध बदललं तर तो दिवस वहीत लाल शाईनं लिहा, म्हणजे फरक गोळीमुळे पडला की मटकीमुळे, ते तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही कळेल.